भिंतीतली वीज आणि मुलाचा हात

अमेरिकेतल्या जुन्या घरांचे पोटमाळे आवरताना अजूनही काळ्या बेकेलाइटचं एक जड खोकं हाती लागतं. दोन टोकांना दोन मोठे दांडे, मधे दोन लहान मुठी, तारा जोडायचे स्क्रू आणि अंगावर नावाची पट्टी. लिओनेल कंपनीने १९४८ साली बाजारात आणलेला हा झेडडब्ल्यू ट्रान्सफॉर्मर. आधी तो २५० वॅटचा होता, लवकरच २७५ वॅटचा झाला आणि १९६६ पर्यंत विकला गेला. खेळण्यातल्या चार गाड्या एकाच वेळी, प्रत्येकीचा वेग वेगळा ठेवून, चालवायची सोय या एका खोक्यात होती. इतक्या वर्षांनी प्लग लावला तरी यातली पुष्कळ खोकी गुणगुणू लागतात आणि गाडी रुळांवरून धावते.

धोका नेमका इथेच आहे. गाडी धावली म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठीक, असं घरातली माणसं धरून चालतात. पण गाडी धावणं हे ट्रान्सफॉर्मरचं दुसरं काम. पहिलं काम भिंतीतली वीज मुलाच्या हातापासून दूर ठेवण्याचं. ते तो नीट करतोय का, हे गाडीकडे पाहून कळत नाही. त्यासाठी खोकं उघडावं लागतं, मोजमाप घ्यावं लागतं आणि हे खोकं इथवर कसं आलं तेही ठाऊक असावं लागतं. त्यातला जवळपास प्रत्येक भाग एखाद्या जुन्या अडचणीवरचा उपाय म्हणून आत आला आहे. ती अडचण माहीत नसताना भाग बदलला, तर तीच अडचण पुन्हा घरात येते.

लोखंडी कडं

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने साधारण सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळून एक प्रयोग केला. एका वेटोळ्याला बॅटरी जोडली आणि तोडली की त्या क्षणी दुसऱ्या वेटोळ्याजवळची चुंबकसूची हलत होती. दोन्ही तारा एकमेकींना कुठेही शिवत नव्हत्या. त्या शिवू नयेत म्हणून फॅरडेने मधे दोरा आणि सुती कापड घातलं होतं. ते कडं रॉयल इन्स्टिट्यूशनने आजही जपून ठेवलं आहे.

आगगाडीच्या ट्रान्सफॉर्मरचा मूळपुरुष हाच. दोन वेटोळ्यांना जोडणारं लोखंड आणि त्यांना एकमेकांपासून तोडणारं कापड, दोन्ही पहिल्याच दिवसापासून त्यात आहेत. दुरुस्ती करणाऱ्याने यातली कापडाची बाजू कधी विसरू नये. लोखंड आणि तांबं शंभर वर्षं सहज टिकतं. कापड, कागद, रबर आणि वार्निश टिकत नाहीत. ट्रान्सफॉर्मर म्हातारा होतो तो त्याच्या आवरणांतून.

१८८५ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात कारोली झिपेर्नोव्स्की, ओट्टो ब्लाथी आणि मिक्शा देरी या तिघांनी बंद लोखंडी गाभ्याचा, कारखान्यातून विकता येण्याजोगा ट्रान्सफॉर्मर तयार केला. पुढच्याच वर्षी, मार्च १८८६ मध्ये, विल्यम स्टॅन्लीने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन गावातली दुकानं आपल्या ट्रान्सफॉर्मरांवर उजळून दाखवली. हिशोब सोपा होता. भिंतीकडच्या प्रायमरी वेटोळ्याला ६०० वेढे आणि रुळांकडच्या सेकंडरीला १०० असतील, तर १२० व्होल्टचे २० व्होल्ट होतात. अट एकच, वीज एसी, म्हणजे सतत दिशा उलटणारी, हवी. एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीवर ट्रान्सफॉर्मरचं काहीच चालत नाही.

आम्लाच्या बरण्या आणि दिव्यांची फळी

खेळण्यातल्या गाडीला हा उपाय लगेच मिळाला नाही. विजेवर धावणारी खेळण्यातली गाडी अमेरिकेत १८९० च्या दशकाच्या अखेरीस सिनसिनाटीच्या कार्लाइल अँड फिंच कंपनीने विकायला काढली, तेव्हा बहुतेक घरांत वीजच नव्हती. जिथे होती तिथेही ती अनेकदा डीसी असे. म्हणून गाड्या बॅटरीवर चालत. जोशुआ लिओनेल कोवेनने १९०० साली न्यूयॉर्कमध्ये लिओनेल कंपनी काढली, तिच्या पहिल्या गाड्याही बॅटरीवरच्याच होत्या. मात्र घरच्या ११० व्होल्ट डीसीवर गाडी चालवायची असेल, तर काय करावं याची माहितीही ही कंपनी गिऱ्हाइकांना देत असे. काचेच्या बरण्या घ्यायच्या, त्यांत पाणी आणि गंधकाम्ल भरायचं, शिशाच्या पट्ट्या बुडवायच्या आणि वीज त्यांतून वळवून रुळांकडे न्यायची. लहान मुलाच्या खोलीत गंधकाम्ल आणि घरची वीज शेजारी शेजारी मांडायची ही रीत होती.

युरोपात दुसरी वाट रूढ झाली. भिंतीतली वीज एका फळीवर बसवलेल्या दिव्यांमधून नेऊन रुळांना द्यायची. गाडी धावत असताना विजेचा बराचसा दाब, म्हणजे व्होल्टेज, दिव्यांवर पडे आणि मोटरला थोडाच मिळे. जर्मनीतल्या कंपन्यांनी अशा गाड्या विकल्या. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबीच्या मेकॅनो कंपनीने १९२५ साली मेट्रोपॉलिटन नावाची विजेची गाडी काढली, तिचा एक प्रकारही असाच घरच्या विजेवर दिव्यांच्या आधाराने चालणारा होता.

या रचनेतली खोट समजून घ्यायला हवी, कारण आजही लोक तीच चूक वेगळ्या रूपात करतात. दिवा प्रवाहाला अडवतो, पण प्रवाह वाहत असेल तेव्हाच. गाडी रुळावरून घसरली किंवा उचलून घेतली की प्रवाह थांबतो आणि दोन रुळांमध्ये भिंतीतला पूर्ण दाब उभा राहतो. घसरलेली गाडी पुन्हा रुळावर ठेवायला मूल हात पुढे करतं, तेही नेमकं तेव्हाच. शिवाय रूळ आणि भिंत यांच्यात तांब्याची सलग वाट असते, त्यामुळे एका रुळाला हात आणि जमिनीला पाय लागला तरी पुरे. आकडा कमी करणं आणि माणसाला विजेपासून वेगळं करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दिव्यांच्या फळीने पहिली कशीबशी केली, दुसरी केलीच नाही.

वीस व्होल्ट

जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने १९२६ साली २० व्होल्टची पद्धत आणली आणि दिव्यांच्या फळीचे दिवस भरले. एव्हाना घरांत एसी वीज पसरली होती, त्यामुळे भिंत आणि रूळ यांच्यामध्ये फॅरडेचं कडं उभं करणं शक्य झालं. वीसच्या आसपासचा आकडा विचार करून ठरला होता. कोरड्या कातडीतून घातक प्रवाह ढकलण्याइतका हा दाब मोठा नाही, आणि रुळावरची धूळ, तेल, मोटरचे घासलेले ब्रश यांना पार करून गाडी ओढण्याइतका पुरेसा आहे. युरोपने पुढे १९८८ च्या खेळणी सुरक्षा निर्देशात विजेच्या खेळण्यांसाठी २४ व्होल्टची कमाल मर्यादा घातली. तोवर कारखान्यांनी अनुभवाने त्याच्या जवळचा आकडा कधीच गाठला होता.

सुरुवातीच्या ट्रान्सफॉर्मरांत वेग बदलायला पायऱ्या असत. सेकंडरीला ठिकठिकाणी टॅप, म्हणजे मधूनच बाहेर काढलेल्या तारा, आणि दांडा एका बटणावरून दुसऱ्यावर सरकवायचा. प्रत्येक पायरीला गाडीला हिसका बसे, ठिणगी उडे. मग सेकंडरी वेटोळ्याचा एक पट्टा आवरण खरवडून उघडा ठेवायचा आणि त्यावरून संपर्क सरकवायचा, अशी रचना आली. झेडडब्ल्यू याच घराण्यातला. त्याच्या दांड्याच्या टोकाला कार्बनचा लहान रोलर असतो आणि तो उघड्या तांब्यावरून फिरतो.

तो रोलर कार्बनचाच का, हे ठाऊक नसल्याने पुष्कळ दुरुस्त्या बिघडल्या आहेत. रोलर एका वेढ्यावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर दोन्ही वेढ्यांना टेकतो, म्हणजे तेवढा एक वेढा शॉर्ट होतो. एका वेढ्यात दाब अगदी थोडा असला तरी तांब्याचा अडथळा त्याहून नगण्य, त्यामुळे त्या वेढ्यात प्रचंड प्रवाह फिरू शकतो. कार्बनचा स्वतःचा अडथळा तो प्रवाह आटोक्यात ठेवतो. झिजलेल्या रोलरच्या जागी टिकाऊ म्हणून पितळेचा रोलर बसवला, तर वेटोळं तापून त्याचं आवरण जळायला लागतं. कार्बनने झिजावं आणि तांबं वाचवावं, अशी ती योजना आहे.

मागे कशी न्यायची आणि शिट्टी कशी वाजवायची

अशा गाडीच्या मोटरचं स्थिर क्षेत्रवेटोळं आणि फिरणारं आर्मेचर एकाच मालिकेत जोडलेलं असतं. एसीमध्ये दिशा उलटली की दोन्हींतली दिशा एकदमच उलटते, त्यामुळे मोटर त्याच बाजूला फिरत राहते. एसीवर ती चालते याचं कारण हेच, आणि केवळ तारा उलटवून ती मागे नेता येत नाही याचंही. अमेरिकेतल्या आइव्ह्स या खेळणी कंपनीने १९२४ मध्ये इंजिनातच बसणारा क्रमाने उलटणारा स्विच आणला. वीज तोडून पुन्हा दिली की पुढे, थांबा, मागे, थांबा असा क्रम चाले. १९२८ मध्ये आइव्ह्सचं दिवाळं निघालं आणि हा स्विच पुढे लिओनेलच्या हाती आला.

१९३५ साली लिओनेलने शिट्टी आणली. रुळावर आधीच एसी वाहत असताना त्याच रुळातून शिट्टीचा निरोप कसा पाठवायचा? उत्तर सुंदर होतं. दांडा दाबला की ट्रान्सफॉर्मरमधली एक रेक्टिफायर चकती एसीत थोडी डीसी मिसळते. गाडीतला रिले एसीला दाद देत नाही, डीसी आली की ओढला जातो आणि शिट्टीची मोटर सुरू करतो. जुन्या खोक्यांत ही चकती सर्वांत आधी दगा देते. तिच्या जागी योग्य क्षमतेचा सिलिकॉन डायोड, त्याच दिशेने, बसवता येतो.

हॉर्नबीच्या डब्लो गाड्यांनी १९३८ पासून १२ व्होल्ट डीसीचा रस्ता धरला. तिथे दिशा बदलणं सोपं झालं, पण रेक्टिफायर हा ट्रान्सफॉर्मरच्या खोक्याचा कायमचा भाग बनला. महायुद्धानंतरच्या अशा खोक्यांत बहुधा सेलेनियमच्या पट्ट्या सापडतात. त्या जळल्या की कुजकट वास सुटतो आणि तो धूर विषारी असतो. असा वास आला की प्लग काढावा, खिडक्या उघडाव्यात आणि खोलीतून बाहेर पडावं. त्या पट्ट्या पुन्हा जिवंत करायच्या नादी न लागता थेट बदलाव्यात.

दुरुस्तीचा क्रम

प्लग भिंतीतून काढून डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय खोकं उघडू नये. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

पहिली पाहायची ती वीजदोरी. रबराची दोरी जिथे खोक्यात शिरते तिथे ती सर्वांत आधी तडकते. चिकटपट्टी गुंडाळून ती वाचत नाही. पूर्ण दोरी बदलावी आणि ओढ बसली तरी ती आतल्या सांध्यापर्यंत पोचू नये म्हणून खोक्याच्या तोंडाशी पकड बसवावी. पेटी धातूची असेल, तर तीन तारांची दोरी घालून पेटीला अर्थिंग द्यावं.

दुसरी पायरी मेगरची, म्हणजे मोठ्या दाबावर इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरची. प्लगच्या दोन्ही पिना एकत्र जोडून, त्यांच्यापासून सेकंडरी आणि लोखंडी गाभा यांच्यापर्यंत ५०० व्होल्टवर इन्सुलेशन मोजावं. इथे साध्या मल्टिमीटरवर भागत नाही. त्याची लहानशी बॅटरी कमकुवत झालेल्या कागदावर पुरेसा ताणच आणत नाही, त्यामुळे आकडा चांगला दिसतो आणि तोच कागद भिंतीतल्या दाबाला फुटतो. मेगरवर शेकडो मेगाओम आले तर समाधान मानावं. आकडा दमटपणामुळे उतरला असेल तर मंद उबेत वाळवून पुन्हा मोजावा. तरीही तो एक-दोन मेगाओमच्या आसपास रेंगाळला, तर त्या ट्रान्सफॉर्मरची गाडी ओढण्याची मुदत संपली आहे.

मग रोलर, स्प्रिंगा आणि सर्किट ब्रेकर. झेडडब्ल्यूचा ब्रेकर द्विधातूच्या पट्टीचा, तापल्यावर उघडणारा. वर्षानुवर्षं उघडझाप करून तो थकतो, कधी उशिरा उघडतो, कधी चिकटून बसतो. तो नवा असला तरी त्याची एक मर्यादा आहे, ती ओळखून घ्यावी. सगळ्या गाड्यांचा प्रवाह जिच्यातून परततो, त्या सामाईक तारेतच फक्त ब्रेकर आहे. एका गाडीची तार दुसऱ्या गाडीच्या तारेला भिडली, तर तो प्रवाह सामाईक तारेतून जातच नाही आणि ब्रेकरला पत्ता लागत नाही. म्हणून चारही बाहेरच्या तारांवर प्रत्येकी स्वतंत्र फ्यूज किंवा जलद ब्रेकर लावावा. नव्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक पाट्या असतात, त्यांना तर जुन्या ब्रेकरची सुस्ती अजिबात परवडत नाही.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड वापरावा. आपल्याकडच्या अनेक दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर तो असतो: तपासायच्या वस्तूच्या मालिकेत एक तारेचा दिवा. आत शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो; सगळं ठीक असेल तर तो मंद राहतो किंवा पेटतच नाही. मुलांच्या खोलीतून हद्दपार झालेली दिव्यांची फळी इथे, जाणत्या हाताखाली, आपल्या खऱ्या कामावर रुजू झाली आहे. सिरीज बोर्डवर पास झाल्यावर ट्रान्सफॉर्मर गाडी न जोडता तासभर चालू ठेवावा, तोही जवळ बसून. कोमट होणं ठीक. हात ठेववेनासा झाला किंवा जळकट वास आला तर वेटोळ्यातच दोष आहे.

दोन खोकी एकत्र आली की

मोठी रेल्वे मांडताना लोक दोन ट्रान्सफॉर्मर वापरतात आणि त्यांच्या सामाईक तारा एकत्र जोडतात. जुन्या प्लगच्या दोन्ही पिना सारख्या असल्याने ते भिंतीत उलटसुलट बसतात. दोन खोक्यांचे फेज एकमेकांच्या उलट असतील, तर त्यांच्या गाड्यांच्या तारांमध्ये १८ व्होल्टऐवजी ३६ व्होल्ट उभे राहतात आणि गाडी एका विभागातून दुसऱ्यात शिरताना जोरदार ठिणगी उडते. उपाय सोपा आहे. दोन्हींचा दाब सारखा ठेवून त्या दोन तारांमध्ये व्होल्टमीटर लावावा. शून्याच्या जवळ आला तर ठीक, दुप्पट आला तर एक प्लग उलटा करावा आणि मग दोन्ही प्लगांवर कायमची खूण करावी.

याहून मोठा धोका कमी लोकांना माहीत असतो. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. एक खोकं चालू आहे, दुसऱ्याचा प्लग काढून जमिनीवर ठेवला आहे, पण त्याची सेकंडरी अजून रुळांना जोडलेली आहे, अशी कल्पना करा. रुळावरचे १८ व्होल्ट त्या दुसऱ्या खोक्यात उलट्या बाजूने शिरतात आणि त्याच्या मोकळ्या प्लगच्या पिनांवर शंभराहून जास्त व्होल्ट येतात. प्लग काढलाय म्हणून निर्धास्त झालेला हात तिथेच पोचतो. म्हणून एकाच रेल्वेचे सगळे ट्रान्सफॉर्मर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावावेत आणि तो बोर्ड एकाच स्विचने चालू-बंद करावा. एखादं खोकं बाजूला काढायचं असेल, तर आधी बोर्ड बंद करावा, मग त्याच्या रुळाकडच्या तारा सोडवाव्यात आणि प्लग शेवटी काढावा.

अमेरिकेतून भारतात आणताना

परदेशी स्थायिक झालेली आपली माणसं तिकडच्या जुन्या बाजारात असं खोकं घेतात आणि इकडे नातवंडांसाठी आणतात. १२० व्होल्टचं खोकं २३० व्होल्टला लावू नये, हे बहुतेकांना कळतं. वारंवारितेकडे मात्र लक्ष जात नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. तोच दाब कमी वारंवारितेला दिला की लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व वीस टक्क्यांनी वाढतं. गाभा संपृक्त होऊ लागतो, गाडी न जोडताही प्रवाह वाढतो, खोकं मोठ्याने घुमतं आणि तापतं.

यावरचा उपाय हिशोबातच आहे. ६० हर्ट्झवर १२० म्हणजे ५० हर्ट्झवर १००. २३० चे १०० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरला, तर जुन्या गाभ्यावर अमेरिकेतल्याइतकाच ताण पडतो. गाडीला २० ऐवजी साडेसोळा व्होल्टच्या आसपास मिळतील आणि तेवढे तिला पुरतात. तो स्टेप-डाउन दोन स्वतंत्र वेटोळ्यांचा असावा. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये एकच वेटोळं असतं, म्हणजे तांब्याची वाट भिंतीपर्यंत सलग राहते. प्रवासी लोक हेअर ड्रायरसाठी नेतात तो स्वस्त इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर तर इथे मुळीच चालणार नाही, कारण तो विजेची लाट कापून देतो आणि गाभा आणखी तापवतो.

काही खोकी दुरुस्त करूच नयेत. स्क्रूजवळ बेकेलाइट तडकलं असेल, प्रायमरी वेटोळं काळं पडलं असेल, मेगरचा आकडा वर येत नसेल, तर दोरी आतूनच काढून टाकावी, म्हणजे पुढे कोणी चुकून प्लग लावणार नाही. गाडी तीच ठेवून तिला आजच्या प्रमाणित ट्रान्सफॉर्मरवर चालवावं. यात जुन्या वस्तूचा अपमान नाही. बरण्या गेल्या, दिव्यांची फळी गेली, पायऱ्यांचे दांडे गेले, गाडी मात्र धावत राहिली. प्रत्येक पिढीने मागच्या पिढीचं धोकादायक साधन बाजूला ठेवलं, म्हणून तर हा खेळ मुलांच्या हाती राहिला.

जी खोकी कसोटीला उतरतात, त्यांच्या तळाशी दुरुस्ती करणाऱ्याने एक चिठ्ठी डकवावी. दुरुस्तीची तारीख, बदललेले भाग, मेगरचा आकडा, किती व्होल्टला आणि किती हर्ट्झला चालवायचं, आणि पुन्हा कधी तपासायचं. कंपनीच्या पट्टीवर व्होल्ट, वारंवारिता आणि वॅट लिहिलेले असतात. ते खोकं नवं असतानाचे. आवरणांचं वय त्या पट्टीवर कुठेच नसतं. पुढे हे खोकं उघडणाऱ्या अनोळखी माणसाला त्या वयाचा हिशोब आपल्याशिवाय कोणी देणार नाही.